एका चहाचा बिल्ला

१४ नोव्हेंबर १९४२, शहापूर

आज पुन्हा सुट्या पैशांवरून भांडण झालं. देवळालीकडे निघालेल्या लष्करी लॉरीचा ड्रायव्हर दोन कप चहा प्याला आणि त्याने रुपयाची नोट पुढे केली. गल्ल्यात दोन आणे आणि एक घासलेला ढब्बू पैसा, एवढंच. मी म्हटलं, सुटे द्या. तो म्हणाला, सुटे असते तर नोट कशाला काढली असती. शेवटी पैसे न देताच तो निघून गेला. मागे उभ्या असलेल्या तिघांनी ते पाहिलं. त्यांच्याकडेही सुटे नव्हते.

गेले दोन महिने हेच चाललं आहे. नाणी गेली कुठे ते कळत नाही. कोणी म्हणतं लोकांनी मडक्यात घालून पुरली, कोणी म्हणतं तांबं वितळवून काडतुसं करतात. समोरचा धर्माशेठ वाणी सुट्यांऐवजी काडेपेटी देतो, नाहीतर चार सुक्या मिरच्या. मी पोस्टाची तिकिटं देऊन पाहिली. घामाने ती एकमेकांना चिकटली आणि गिऱ्हाइकाने तो गोळा माझ्यासमोर आणून आपटला.

हॉटेल म्हणजे आग्रा रोडच्या कडेला एक छप्पर, दोन बाकं आणि चूल. सातवी पास झालेला जावई चहा विकतो म्हणून सासरे अजून नाक मुरडतात. दुपारी रस्ता शांत असतो, तेव्हा लिहीत जायचं ठरवलं आहे. डोक्यात जे फिरत राहतं ते कागदावर उतरलं तर कदाचित बसवेल. मला एका जागी बसता येत नाही, ही चंद्रकलेची लग्नापासूनची तक्रार.

१९ नोव्हेंबर

तोड चंद्रकलेनेच काढली. तिच्या माहेरी, मुरबाडला, एक दूधवाला पत्र्याचे बिल्ले द्यायचा. बिल्ला दिला की दूध.

"सुटं नसलं तर आपण बिल्ला द्यावा," ती म्हणाली. "माणूस पुढल्या खेपेला बिल्ला देल नि चहा पील. त्याचं बी जात नाय, आपलं बी जात नाय."

शेजारच्या गणूकडे गेलो. रॉकेलच्या रिकाम्या डब्यांपासून तो चिमण्या आणि नरसाळी करतो. लहानपणापासूनचा मित्र. त्याने रुपयाएवढी चकती कापली, कडा घासल्या आणि ठशाने मधोमध एक कप उठवला. खाली 'कुं' हे अक्षर, माझ्या नावातलं.

"कपाचा कान कुठल्या अंगाला काढू, कुंडलिका?" एवढंच त्याने विचारलं.

एक बिल्ला म्हणजे एक चहा, म्हणजे एक आणा.

२७ नोव्हेंबर

चाललं. लॉरीवाले हसतात पण घेतात. कचेरीतले कारकून तर बिल्ले खिशात वाजवत येतात. आठ दिवसांत एकही भांडण नाही.

८ डिसेंबर

आमच्याकडे लाकूड आणते ती सावळी. माहुलीच्या डोंगरातल्या वाडीतली ठाकरीण, तिशीतली असेल. डोक्यावर मोळी घेऊन पहाटे डोंगर उतरते आणि मागच्या अंगणात टाकते. मोळीला दोन आणे. आज माझ्याकडे दोन आणे नव्हते, म्हणून दोन बिल्ले तिच्या हातावर ठेवले. तिने ते उलटून पाहिले.

"मी चहा नाय पीत, शेठ."

"चहा नको पिऊस. धर्माशेठकडे जा. तो घेईल."

खरं तर धर्माशेठला मी विचारलं नव्हतं. मागोमाग गेलो. धर्माशेठने बिल्ला दातांखाली धरल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तुझ्याकडं दिवसातून चार येळा चहा पितो, मला काय. आण इकडं." दोन बिल्ल्यांना त्याने तिला शेरभर तांदूळ मापून दिला. सावळीने पदरात तांदूळ घेतला, आणि जाताना माझ्याकडे पाहून मान हलवली. पाच वर्षं लाकूड आणते आहे, पण अशी मान तिने कधी हलवली नव्हती.

१० डिसेंबर

सावळी आज तिची जाऊ लहानी हिलाही घेऊन आली. दोन मोळ्या. दोघींनी आपण होऊन बिल्ले मागितले. नाणं हातात आलं की नवरा घेतो, बिल्ला तो घेत नाही, असं लहानी म्हणाली आणि दोघी हसल्या.

३ जानेवारी १९४३

न्हावी बिल्ला घेतो. कासारीण घेते. आज सुकी मासळी विकणाऱ्या बाईच्या टोपलीत बोंबलांच्या खाली बिल्ले दिसले. किन्हवलीहून आलेला एक शेतकरी माझ्यासमोर बसून म्हणाला, "तुमीच काय कुंडलिकशेठ?" शेठ म्हणाला. मी चूल सोडून त्याच्याशेजारी बाकावर जाऊन बसलो आणि त्याला चहा फुकट पाजला.

एक गोष्ट लक्षात आली आहे. जेवढे बिल्ले बाहेर जातात तेवढे परत येत नाहीत. ते बाजारातच फिरत राहतात. जो बिल्ला परत आला नाही त्याचा चहा मला करावा लागला नाही. साखर वाचली, दूध वाचलं, लाकूड वाचलं. हे सगळं मला मिळालं आणि कोणाचं काही गेलं नाही. पुन्हा पुन्हा विचार केला. यात खोट कुठे आहे ते सापडत नाही.

९ जानेवारी

गणूला आणखी डबे नेऊन दिले.

२ फेब्रुवारी

दुसरं छप्पर घालायला घेतलं आहे. लॉऱ्या वाढल्या, माणसं उन्हात उभी राहून चहा पितात, बरं दिसत नाही. सुताराला विचारलं, मजुरी बिल्ल्यांत चालेल का. चालेल म्हणाला. कौलंवाल्यालाही चालली. पूर्वी मी पैसे साठवून मग वस्तू घ्यायचो. आता गणूकडे डबा नेतो आणि वस्तू घेतो.

चंद्रकला म्हणाली, "एवढ्यांचा चहा करायला लागला तर दूध कुठनं आणायचं?"

"सगळे एकदम कशाला येतील?"



२१ फेब्रुवारी

नवीन छपराखाली पहिला चहा. कल्याणच्या एका माणसाकडून ग्रामोफोन घेतला, निम्मी किंमत नोटांत, निम्मी बिल्ल्यांत. दिवसभर लावून ठेवला. धर्माशेठ मोठ्या आवाजाला कंटाळून दार लोटून बसला. कोणाकोणाला अडीअडचणीला दहा-वीस बिल्ले उसने दिले. परत कधी द्यायचे ते सांगितलंसुद्धा नाही. अशा वेळी छातीत काहीतरी मोठं झाल्यासारखं वाटतं.

११ मार्च

लोक लोभी होत चालले आहेत.

सावळीने आज मोळीला तीन बिल्ले मागितले. मी म्हटलं, लाकूड तेच, डोंगर तोच, तीन कशाचे? ती म्हणाली, धर्माशेठ शेरभर तांदळाला तीन मागतो. धर्माशेठकडे गेलो. तो म्हणाला, भिवंडीचा व्यापारी चढा भाव लावतो, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, आणि शिवाय जो उठतो तो मूठभर बिल्ले घेऊन येतो; माल तेवढाच आहे, मग सगळ्यांना कसा पुरवू?

म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. सुरुवात कोणी केली ते कोणीच सांगत नाही.

२९ मार्च

दूधवाल्याने भाव वाढवला. साखर मिळत नाही आणि मिळते ती सोन्याच्या भावाने. मी चहा दोन बिल्ले केला. सकाळी पाटी लावली, दुपारी काढली.

न्हाव्याने माझ्यापुढे बिल्ला धरला. "यावर काय काढलंय?"

"कप."

"किती कप?"

"एक."

"मग?"

बाकावर बसलेले सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाटी काढून चुलीत घातली.

मग बाजारात जाऊन लहान कप आणले. दुधात पाणी जरा वाढवलं. पहिला घोट घेतल्यावर माणसं कपात डोकावून पाहतात. ते मला बघवत नाही, म्हणून मी चुलीकडे तोंड करून उभा राहतो.

१८ एप्रिल

कचेरीतले एक कारकून वर्तमानपत्र घेऊन येतात. आज म्हणाले, "लढाईचा खर्च काय थोडा आहे? सरकार नोटा छापतंय आणि माल उचलतंय. म्हणून हे भाव." चांदीचे रुपयेही आता सरकार परत घेणार आहे म्हणे, त्यांच्या जागी कागद.

ऐकून मला बरं वाटलं. भाव का वाढले ते कळलं. सरकारच्या नोटांमुळे वाढले. माझे बिल्ले तर केवळ लोकांच्या सोयीसाठी आहेत.

संध्याकाळी तीन डबे गणूकडे दिले. मोळी आता चार बिल्ल्यांना आहे, मग बिल्ले जास्त लागणारच.

६ मे

काहीतरी गडबड आहे. जिकडे पाहावं तिकडे बिल्ले. पोरं गटारात भिरकावतात. कासारीण म्हणाली, "आता नका देऊ, कुंडलिकशेठ, पिशवी जड होते नि घरी काय येत नाय." सरळगावच्या गुरांच्या बाजारात कोणीतरी बिल्ल्यांची थैली देऊन बोकड मागितला आणि मार खाता खाता वाचला, असं ऐकलं.

एवढे मी काढले नाहीत. काढले असते तर मला कळलं असतं. कोणीतरी दुसरा पाडतो आहे.

ठसा एकाच माणसाकडे आहे.

७ मे

गणूकडे गेलो. तो चिमणीच्या सांध्याला कथलाचा डाक लावत होता. मी आडून आडून विचारायचं ठरवलं होतं, पण गेल्या गेल्या तोंडातून सरळच निघालं.

"माझ्यामागे किती पाडलेस, गणू?"

त्याने मान वर केली नाही. डाक पूर्ण लावली, फुंकर घातली, चिमणी बाजूला ठेवली. मग उठून मला मागच्या पडवीत नेलं. तिथे भिंतीला लागून डब्यांची बुडं आणि झाकणं रचून ठेवली होती. चकत्या डब्याच्या अंगाच्या पत्र्यातून निघतात. बुडं-झाकणं कसल्या तरी कामाला येतील म्हणून तो ठेवतो. ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता.

"सगळे तूच आणलेस," तो म्हणाला. "मी एक डबा बी इकत घेतला नाय. मोजायचं तर मोज."

मी मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती. ठिकठिकाणी माझ्याच हॉटेलच्या काजळीचे डाग होते.

"मला वाटलं..." मी म्हणालो.

"तुला वाटलं ते तू बोललास."

तो परत कामाला बसला. मी निघून आलो. रस्त्यात दोनदा परत फिरलो, दोन्ही वेळा त्याच्या दारापर्यंत जाऊन माघारी आलो.

८ मे

आज ग्रामोफोन लावला नाही.

२ जून

कचेरीतून बोलावणं. मामलेदार साहेबांच्या टेबलावर माझा एक बिल्ला होता. ते रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली.

"चहा करता ना? मग चहा करा. नाणं सरकार पाडतं. महिनाअखेरपर्यंत एकूण एक परत घ्यायचे, आण्याला आणा. नोटा आणाल तर खजिन्यातून सुटे द्यायला सांगतो. नवे पैसे आले आहेत."

तो नवा पैसा पाहिला. मधे भोक पाडलेला, हलका, तांबं वाचवलेला.

दारातून बाहेर पडेपर्यंत बातमी बाजारभर झाली होती.

५ जून

उजाडायच्या आत रांग. सगळे एकदम आले.

ज्यांना चहा हवा त्यांना चहा देत होतो. सकाळीच दूध संपलं. दूधवाला बिल्ल्यांवर दूध देईना. मोळीवाल्या बायका रांग पाहून मोळ्या घेऊन दुसरीकडे गेल्या. लाकूड नाही, दूध नाही, आणि समोर माणसं हात पुढे करून उभी. किन्हवलीचा तो शेतकरीही होता. आज त्याने मला शेठ म्हटलं नाही.

दुपारी बाकावर उभं राहून सांगितलं, प्रत्येकाला आण्याला आणा मिळेल, चार दिवस थांबा. कोणीतरी चिखल मारला, तो भिंतीला लागला. धर्माशेठ त्याच्या दारातून ओरडला, "थांबा म्हणतोय ना तो. पळून कुठं जातोय? बायको हिथं, चूल हिथं."

धर्माशेठकडे सगळ्यांत जास्त बिल्ले आहेत. तरी तो अजून आला नाही. का, ते कळत नाही.

१२ जून

ग्रामोफोन गेला. नवीन छपराची कौलं आणि वासे उतरवून लष्करी ठेकेदाराला दिले. पाणी तापवायचा तांब्याचा बंब गेला. आलेल्या नोटा खजिन्यात देऊन भोकाचे पैसे आणतो आणि वाटतो. धर्माशेठ सगळ्यांच्या शेवटी आला. त्याचे पुरते देता आले नाहीत. उरलेल्याचा चहा पिईन म्हणाला. हा माणूस आता दोन वर्षं फुकट चहा पिणार.

गणू आला. त्याच्याकडे मोजके बिल्ले होते, त्याच्याच मजुरीचे. पैसे दिले. मी म्हटलं, बस ना. "काम पडलंय," म्हणाला आणि उभ्या उभ्या गेला.

परत आलेले बिल्ले पोत्यात भरून कचेरीत जमा केले. पोतं उचलायला दोघे लागले.

३० जून

मुदत संपली. बाजारात आता बिल्ला नाही.

१४ जुलै

मला वाटलं होतं, बिल्ले गेले की जीव शांत होईल. तसं झालं नाही.

बाजार बसला आहे. नाणी थोडी आली, पण लोक ती सोडतच नाहीत. मुठीत धरून फिरतात. न्हावी दिवसभर वस्तरा घासत बसतो. मासळीवाली टोपली भरून येते, भाव उतरवत उतरवत निम्म्यावर येते आणि तरी टोपली परत नेते. जवळच्या वाडीतल्या एका बाईने मोळी एका आण्याला देऊ केली. चार बिल्ल्यांची मोळी एका आण्यावर आली आणि तीही मी घेऊ शकलो नाही. चहाच खपत नाही तर लाकूड कशाला?

उतरला नाही तो फक्त तांदूळ. तो भिवंडीच्या भावाने चालतो, आमच्या नाही.

चंद्रकला म्हणाली, "बाबांचं असंच झालं होतं. एकतीस साली. भाताचा भाव पडला तो पडतच गेला. गाडी जुंपून कल्याणपातुर गेले नि भरलेली गाडी परत आणली. समदं स्वस्त, नि घरात मीठ आणायला पैसा नाय. शेतावरचे गडी काढून टाकले, ते रडत गेले."

मला ती वर्षं आठवतात. तेव्हा मी आसनगावच्या मालधक्क्यावर होतो, ठरलेला पगार होता. दरमहा त्याच पगारात जास्त जास्त माल यायचा. मला वाटायचं, मी किती नीट संसार करतो.

हे तिला सांगितलं नाही.

२० जुलै

धर्माशेठ चहा पिताना हळूच म्हणाला, "थोडे काढ रे. बाजार हलंल. जास्त नको, पन्नास-शंभर. कचेरीला कोण सांगतंय?"

"आणि मग?"

"मग काय. यंदा सांभाळून काढ. मागल्या येळला तुझा हात सुटला."

दिवसभर तेच डोक्यात. पन्नासच. मोजून. वहीत लिहून. संध्याकाळी पावसात भिजत गणूकडे गेलो, एक डबा बगलेत मारून. तेवढ्या निमित्ताने बोलणं तरी होईल असंही वाटलं.

त्याने डब्याकडे पाहिलं. "ठसा मोडला मी."

"नवा करशील?"

"कुंडलिका, घरी जा."

पण पाऊस जोरात होता. त्यानेच मग फळकुट पुढे सरकवलं आणि मी बसलो. तो पत्रा ठोकत राहिला. पाऊस उघडल्यावर मी डबा तिथेच ठेवून आलो. त्याचं नरसाळं कर म्हटलं.

२२ ऑगस्ट

आज सावळी आली. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. ओढे भरले की त्या वाडीचा खाली संबंध राहत नाही. वाळली आहे. बरोबर मोळी नव्हती. काखेत फडक्याचं गाठोडं होतं. ते तिने बाकावर सोडलं. बिल्ले. नीट पुसलेले, एकावर एक रचलेले.

"माझे नि लहानीचे," ती म्हणाली. "पावसाळ्यासाठी राखले व्हते. वाडीत दाणा नाय आता. पोरं कंद उकडून खातात."

मुदत संपून दोन महिने होत आले. पोतं कचेरीत केव्हाच जमा झालं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "आता हे चालत नाहीत. पण मी घेतो. माझा शब्द आहे." आणि गल्ल्यात होतं ते सगळं काढून आण्याला आणा मोजून दिलं. कमी पडले ते धर्माशेठकडून आणले. सगळे भोकाचे पैसे. तिने पदराच्या काठाचा दोरा काढून ते ओवले. मला समाधान वाटत होतं. मनात आलं, दुसरा कोणी असता तर हात वर केले असते.

ती समोर धर्माशेठकडे गेली. जरा वेळाने परत आली आणि फडकं बाकावर ठेवलं. आता त्यात तांदूळ होता, अगदी थोडा. बाकावर ओतला असता तर सगळे बिल्ले झाकले नसते.

"काय झालं?" मी विचारलं.

"शेराला पाच आणे म्हणतो."

"भाव वाढलाय गो. सगळीकडंच वाढलाय."

"मी लाकूड आणलं तेवा मोळीला शेर व्हता."

"पण मी तुला पुरते पैसे दिले. दोन आण्यांचे दोन आणे. एक पैसा ठेवला नाही."

"व्हय," ती म्हणाली. "दिलेत."

ती भांडली नाही. पायरीवर बसली आणि फडक्याकडे पाहत राहिली. भांडली असती तर मला बोलता आलं असतं.

चंद्रकला आतून आली. तिने सगळं ऐकलं होतं. थेट कणगीकडे गेली आणि शेराचं माप घेऊन मापायला लागली.

मी आत गेलो. "काय करतेस? तो मुरबाडचा तांदूळ आहे. दिवाळीपर्यंत पुरवायचाय."

"मोळीला शेर. धर्माशेठकडनं घेतला तो वजा करते."

"मग आपण काय खायचं?"

"तिच्या लाकडावर चहा केला, तो इकून आपण खाल्लं. कौलं घातली. गाणी लावली. तेवा इचारलंत काय?"

"भाव मी वाढवला का? सरकारची नोटसुद्धा तेवढीच उतरली. तिथं जाऊन कोणी तांदूळ मागतं?"

"सरकार लांब हाय," ती म्हणाली. "आपण हिथं आहोत."

मी दारात उभा होतो. मला तिला अडवता आलं असतं. हात पुढे केलाही होता. मग बाहेर सावळीने खोकल्यासारखं केलं, आणि मी ते माप चंद्रकलेच्या हातातून घेतलं आणि स्वतः भरायला लागलो. का ते सांगता येणार नाही. बायकोने मापावं आणि मी पाहत राहावं हे सोसलं नाही, एवढंच असेल.

सावळीने गाठोडं डोक्यावर घेतलं. ओझं होतं, मीच उचलून दिलं. ती गेली. कणगीत हात घातला की तळ लागतो.

२३ ऑगस्ट

सकाळपासून डोंगराच्या वाटेकडे पाहतो आहे. वाडीतून आणखी कोणी आलं तर? कोणी आलं नाही. तरी दिवसभर बसता आलं नाही.

३१ ऑगस्ट

हॉटेल सकाळीच उघडतो. दुपारनंतर लष्करी ठेकेदाराकडे रस्त्याच्या खडीवर जातो. चंद्रकला चूल सांभाळते. मजुरी रोज संध्याकाळी मिळते. ती घेऊन पहिल्यांदा धर्माशेठकडे जातो आणि तांदूळ घेतो, मग घरी. आठवड्याची साठवून घेतली तर तेवढ्यात कमी तांदूळ येतो, हे दोनदा अनुभवलं.

१९ सप्टेंबर

पावसाने उघडीप दिली. ओढे उतरले.

सकाळी सावळी मोळी घेऊन आली. छपराखाली राखलेलं सुकं लाकूड होतं. तिला पाहून मला इतका आनंद झाला की चहाचं आधण तसंच सोडून पुढे गेलो. पोरं कशी आहेत विचारलं. बरी आहेत म्हणाली. लहानी? तीही बरी आहे. तांदूळ पुरला. माझ्याशी ती नीट बोलली, हसलीसुद्धा.

पूर्वी ती मोळी थेट मागच्या अंगणात नेऊन टाकायची आणि मग पुढे येऊन पैसे मागायची. कधी दुसऱ्या दिवशी मागायची. आज तिने मोळी रस्त्याच्या कडेला उतरवली, हॉटेलच्या बाहेर.

"आत टाक ना," मी म्हटलं.

"आधी पैसे द्या, शेठ."

"देतो. कुठं पळतोय मी?"

ती नुसती हसली. मी आत जाऊन गल्ल्यातून पैसे काढले, बाहेर आलो, एक एक करून तिच्या तळहातावर ठेवले. ती ओठ हलवत मोजत होती. दुसरा हात मोळीच्या दोरावर होता. शेवटचा पैसा हातात पडेपर्यंत तो हात तिने काढला नाही.

मग मोळी अंगणात टाकून ती तडक रस्ता ओलांडून धर्माशेठकडे गेली, पैसे मुठीतच होते. मी बाहेर उभा होतो. तिचं सगळं मी फेडलं होतं. पैशानेही फेडलं होतं आणि तांदळानेही.

आत चहा उतू गेला आणि चूल विझली.